मिरचीचा पट्टा

मिरची घरात आली त्याला आज तिसरा दिवस होता, आणि या तीन दिवसांत अंजना एकदाही धड टेकली नव्हती. ती टेकायला गेली की मिरची उठायची. दाराबाहेर कुणाची चप्पल वाजली, खिडकीवर कबुतर बसलं, शेजारी कुकरची शिट्टी झाली, की ही बया कान टवकारून दाराशी. तिथून खिडकीशी. खिडकीवरून सोफ्यावर, सोफ्यावरून थेट आबांच्या खाटेखाली. वजन अवघं सहा किलो, अंग पांढरं, डाव्या डोळ्यावर तपकिरी डाग. दिसायला अगदी खेळणं. पण खेळण्याची चावी कधीतरी संपते, हिची संपतच नव्हती.

कुत्री अंजनाची नव्हती, लेकीची होती. भावना ऐरोलीला नोकरीला होती आणि तिथंच भाड्याच्या खोलीत राहायची. उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्या सिंधी कुटुंबानं मोबाईलवर व्हिडिओ बघून ही जॅक रसेल टेरियर जातीची कुत्री मोठ्या हौसेनं आणली. चार महिन्यांत तिनं दुकानातल्या तीन सोफ्यांचे पाय कुरतडले, तेव्हा हौस फिटली. कुणीतरी न्या हो हिला, म्हणून ते लोक फिरत होते, आणि भावनानं ती घेतली. आता ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी दहा दिवस बंगळुरूला जायचं होतं, म्हणून मिरची कात्रपला आजोळी आली होती.

वर्षभरात भावनानं आईकडे काही मागितलं ते हे पहिल्यांदा. गेल्या वर्षी कल्याणच्या एका स्थळावरून मायलेकींचं चांगलंच वाजलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, नोकरी चांगली. फक्त भावनाला लग्न करायचं नव्हतं. अंजनानं तो विषय सोडला नाही. चहाला तोच, जेवताना तोच, अंथरूण घालताना तोच. शेवटी एके दिवशी लेकीनं बॅग भरली आणि ती निघून गेली. त्यानंतर फोन व्हायचे. "जेवलीस का?" "हो." "ये की कधीतरी." "बघते." त्या 'बघते'ला वर्ष झालं. आणि परवा दार उघडलं तर भावना उभी, काखेत कुत्री. "दहा दिवस सांभाळशील, आई? दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही," ती म्हणाली. या एका वाक्यासाठी अंजनानं कुत्रीच काय, वाघीण ठेवून घेतली असती.

जाताना भावनानं एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला होता. सकाळ-संध्याकाळ पाऊण तास चालवायचं. चेंडू फेकायचा. रिकामी बसवायची नाही, नाहीतर सामान खाईल. हुशार आहे, पण मर्जी असली तरच ऐकते. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: बाहेर दोरी कधीही सोडायची नाही, कितीही शहाण्यासारखी वागली तरी.

अंजना उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर होती. सकाळी साडेआठला निघायची, साडेचारला परत. नवरा मुकेश अंबरनाथच्या एमआयडीसीत, या आठवड्यात दुसऱ्या पाळीला. म्हणजे दुपारची मिरची कुणाच्या वाट्याला, तर आबांच्या.

आबा म्हणजे मुकेशचे वडील, सोमा. वय त्र्याऐंशी. उभी हयात अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात गेली. गुडघे बोलू लागले होते, पण जीभ अजून तरणी होती. खरं सांगायचं तर घरात मिरचीचं कुणाशी पटलं असेल तर आबांशीच. तिनं चेंडू आणून त्यांच्या पायावर टाकायचा, त्यांनी काठीनं ढकलायचा, असा दोघांचा डाव तास-तासभर चालायचा. गच्चीवर नेऊन दार लावून घेतलं की आबा दोरी सोडायचे. मिरची चारही कोपरे हुंगून यायची, आणि "मिरचे, ये" म्हटलं की वाऱ्यासारखी धावत येऊन समोर बसायची.

"ही माणसापेक्षा जास्त ऐकते," आबा कौतुकानं सांगायचे. "आणि हिला म्हणे दोरी पाहिजे."

दोरीपेक्षाही त्यांना तो पट्टा खुपत होता. मिरचीच्या गळ्यात चकचकीत बक्कल असलेला लाल पट्टा होता. पहिल्याच दिवशी तो बघून आबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता.

"अंजना, हे काढ."

"आबा, कुत्र्याला असतोच पट्टा. सगळ्यांच्या गळ्यात असतो."

"सगळ्यांच्या असू दे. आपल्या घरात कुणाच्या गळ्यात काही बांधायचं नाही."

ते कशाबद्दल बोलत होते हे तिला ठाऊक होतं. आबांच्या आजानं त्यांना लहानपणी सांगितलेलं ते तिनं लग्न होऊन आल्यापासून कितीदा तरी ऐकलं होतं. एके काळी आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधायचे, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. आजानंही ते त्याच्या आजाकडून ऐकलेलं. कुणीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण सांगताना प्रत्येकाचा हात आपोआप गळ्याशी जायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आबा चौदा वर्षांचे होते. त्या दिवशी मान अशी सरळ झाली ती आजतागायत, असं ते म्हणायचे. आणि खरंच, गुडघे वाकले, पाठ वाकली, पण मान ताठ होती.

"माणसाच्या गळ्यातलं काढायला पिढ्या गेल्या," आबा त्या दिवशी म्हणाले, "आणि आपण जनावराच्या गळ्यात हौसेनं बांधायचं?"

अंजना म्हणाली, "दहाच दिवस आबा. भावनाचं जनावर आहे, तिनं सांगितलंय तसं करू." आबांनी मान फिरवली. आणि तिला वाटलं, विषय संपला. बाई वर्षभर लेकीच्या बाबतीत चुकली, ती चुकीची सवय काही एका दिवसात जाते का? विषय संपला असं तिला वाटायचं तेव्हा तो हमखास संपलेला नसायचा.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तिला लांबूनच दिसलं. सोसायटीच्या फाटकाशी सिमेंटच्या बाकड्यावर आबा बसले होते. एकटेच. काठी बाजूला पडलेली. आणि हातात लाल पट्टा.

"आबा, मिरची कुठंय?"

आबांनी पट्टा धरलेला हात नुसता पुढं केला.

"वीस पावलं चालली गं माझ्या बाजूनं. अगदी शहाण्या लेकरासारखी. मी म्हटलं, बघ, हिला काय बांधायचं? मग तिकडं, त्या गटाराच्या कडेनं काहीतरी पळालं. काय होतं ते मला दिसलंसुद्धा नाही. मी हाक मारली. गच्चीवर मारतो तशीच. तिनं मागं वळून बघितलं पण नाही."

"कुठल्या बाजूला गेली?"

आबांनी शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बोट केलं. अंजनानं पर्स त्यांच्या मांडीवर टाकली आणि ती धावत सुटली. सासऱ्यावर ओरडावं असं फार आलं होतं मनात. पण तेवढा वेळ नव्हता.

"मिरचीऽऽ! मिरचीऽऽ!"

भाजीच्या गाडीवरची बाई म्हणाली, "ओ ताई, ही काय इथंच आहे. साधी देऊ का लवंगी?" अंजनानं तिच्याकडे असं बघितलं की बाईनं पुढं तोंड उघडलं नाही. शाळेच्या भिंतीशी नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाही. रिक्षा स्टँडवर विचारलं, तर एकजण म्हणाला, "वो सफेद छोटावाला? एकदम गोली के माफिक गया." कुठं गेला ते मात्र त्यानं पाहिलं नव्हतं. अंजना गल्लीत शिरायची, हाका मारायची, बाहेर यायची, पुन्हा त्याच गल्लीत शिरायची. प्रत्येक मोटारीचा ब्रेक तिच्या काळजावरून जात होता. डोक्यात एकच घोळत होतं. कुत्री गेली तर भावना परत या घरात पाऊल ठेवणार नाही. वर्षानं एकदा विश्वास टाकला होता पोरीनं, आणि तो आपल्याला तीन दिवस सांभाळता आला नाही.

दोन बिल्डिंगींच्या मध्ये हरिचंद्राचं शेत होतं. शेत कसलं, आजूबाजूचं सगळं विकून उरलेला तुकडा. पण कुळगावच्या त्या म्हाताऱ्या आगऱ्यानं तेवढा राखून ठेवला होता आणि त्यात भेंडी, वांगी लावायचा. तो नेहमीप्रमाणे बांधाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

"काय गो बाय, पांढरी कुत्री सोधतेस?"

अंजना जागच्या जागी थबकली. "पाहिलीत तुम्ही?"

"पाहिली तं. ती तिकडं बांधावर, घुशीचे बिलान गेली. अर्धा तास जाला."

बांध जुना होता, दगडमातीचा. त्यावर एक वाकडं उंबराचं झाड, त्याच्या बुडाशी जुन्या विटांचा ढीग, आणि ढिगाच्या खाली फुटबॉल जेमतेम जाईल एवढं भोक. अंजना गुडघ्यांवर बसली, मग सरळ पोटावर झोपली आणि कान भोकाशी नेला. खोलातून, जमिनीच्या पोटातून, दबका भुंकण्याचा आवाज आला. भुंकणं, मग खरवडणं, मग पुन्हा भुंकणं.

जिवात जीव आला. पण थोडाच वेळ.

"मिरची! ये बाळा! ये गं माझी राणी!" तिनं बोलावून बघितलं. दटावून बघितलं. पर्समधलं बिस्किट आठवलं, पण पर्स आबांकडे. हरिचंद्रानं घरातून उकडलेलं अंडं आणून दिलं, ते भोकाच्या तोंडाशी ठेवलं. आतून फक्त भुंकणं आणि खरवडणं. जगात अंडं नावाची वस्तू आहे हे मिरची विसरली होती.

"ती नाय येवाची," हरिचंद्र म्हणाला. "ही बिलान शिरनारी जात हाय. आमची गावठी कुत्री बघ, मोकली फिरतान, पन यू यू केला का घरी. हिच्या नाकान घुशीचा वास गेला, आता तिचे कान बंद."

त्यानं कुदळ आणली. दोन घाव घातले आणि तिसऱ्याला वरची माती भसकन आत खचली. भुंकणं एकदम थांबलं.

अंजना किंचाळली. हरिचंद्रानं कुदळ फेकून दिली. दोघं वाकून ऐकत राहिले. किती वेळ कुणास ठाऊक, बहुधा मिनिटभरच, पण अंजनाला ते मिनिट तिच्या बाळंतपणाएवढं लांब वाटलं. मग पुन्हा आवाज आला, आणखी आतून, आणखी लांबून.

तेवढ्यात आबा आले. काठी टेकत, थांबत, धाप लागलेले, खांद्याला सुनेची पर्स अडकवून. कुणी काही न सांगताच ते बांधाच्या दगडावर बसले आणि त्या भोकाकडे बघू लागले. पर्समधला फोन वाजत होता.

सहा वाजले होते. भावना रोज सहाला व्हिडिओ कॉल करायची, मिरचीला बघायला.

अंजनानं फोन हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. या वेळी साधा कॉल होता. तिनं उचलला.

"आई, काय झालं? व्हिडिओ कॉल का नाही उचललास?"

"काही नाही गं. झोपलीय ती."

"मिरची? सहा वाजता?"

"दमली आज. आबांनी खूप खेळवलं."

भावना म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. ते 'बरं' अंजनाला चांगलं ओळखीचं होतं. बॅग भरताना भावना हेच म्हणाली होती.

"खोटं बोललीस," आबा म्हणाले.

"मग काय सांगू तिला?" तिचा आवाज चढला. दुपारपासूनचं सगळं बाहेर आलं. "तुम्ही सोडली म्हणून सांगू? तुमचं नाव पुढं करून मी मोकळी होऊ? आणि तिकडं बसून ती करणार काय? रडणार, दुसरं काय? मेली ही आत, तर मी त्या पोरीला तोंड कसं दाखवू?"

आबांनी ऐकून घेतलं. एरवी एका शब्दाला चार देणारा माणूस, पण आज त्यांनी ऐकून घेतलं. मग हात पुढं केला.

"माझं नाव मीच सांगतो. लाव फोन."

फोन लागला. "भावना, मी बोलतोय," आबा म्हणाले. "पट्टा मी काढला. आईनं नको म्हटलं होतं. मिरची पळाली आणि हरिचंद्राच्या बांधात बिळात शिरलीय. जिवंत आहे. आवाज येतोय. येत नाही बाहेर." एवढं बोलून त्यांनी फोन सुनेकडे दिला आणि रुमालानं तोंड पुसलं.

अंजना शिव्या ऐकायला तयार होती. पण पलीकडून भरलेल्या आवाजात पहिला प्रश्न आला तो वेगळाच.

"आई, किती हाका मारल्यास?"

"घसा बसला बघ माझा."

"बंद कर. आता एकही हाक मारू नकोस. तुझा आवाज आला की तिला वाटतं, आई जवळच आहे, घाई काय आहे? मग ती काम सोडून येतच नाही. आणि खणू नका, माती बसेल अंगावर."

"मग काय करू?"

"तिच्या अंथरुणात माझी जुनी चादर आहे ना, निळ्या फुलांची? ती आण. बिळाच्या तोंडाशी ठेव. आणि लांब जाऊन गप्प बस. सगळ्यांना गप्प बसव. जिथून आत गेली तिथूनच बाहेर येईल ती. पण तिच्या मनानं." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आल्यावर फोन कर. किती का वाजेनात."

अंजना घरी धावली, तीन जिने चढली, चादर घेतली, तीन जिने उतरली. चादर बिळाशी ठेवली आणि पाच-सहा हातांवर मातीत फतकल मारून बसली. आबा दगडावर. हरिचंद्र खुर्चीत.

आणि गप्प बसणं सुरू झालं.

ज्यानं आयुष्यात कधी गप्प बसण्याचं काम केलं नाही, त्याला ते काय कळणार. अंजनाला मशीनवर दहा तास बसवा, हूं की चूं करणार नाही. पण इथं हात रिकामे, तोंड बंद, आणि जीव त्या भोकात. दर दोन मिनिटांनी 'मिरची' हा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि ती पदर तोंडात धरायची. समोर लेकीची चादर पडली होती. कॉलेजात असताना हीच पांघरून ती अभ्यासाला बसायची. अंजनाला वाटलं, गेलं वर्षभर आपण दुसरं काय केलं? ये, ये, ये. सकाळी ये, संध्याकाळी ये, अमकं स्थळ आलंय ये. कधी आपण जरा गप्प बसलोय? या विचारानं तिला रडू आलं, आणि तेही तिनं आवाज न करता रडून घेतलं.

बिल्डिंगींमधले दिवे लागले. कुठंतरी मालिकेचं संगीत सुरू झालं. बिळातला आवाज कधीच थांबला होता आणि आता तो का थांबला या काळजीनं तिघांची तोंडं उतरली होती. आबांनी लाल पट्टा मुठीत इतका घट्ट धरला होता की बक्कल रुतलं असणार.

मग माती सरकली.

आधी शेपटी आली. मग मागचे दोन पाय. मिरची उलटी, एकेक पाऊल मागं टाकत, गुरगुरत, काहीतरी ओढत बाहेर येत होती. सगळी बाहेर आली तेव्हा ती पांढरी नव्हतीच, मातीच्या रंगाची होती. एक कान फाटून रक्त आलेलं. आणि तोंडात घूस, जवळजवळ तिच्याएवढीच. तिनं ती ओढत आणून भावनाच्या चादरीवर ठेवली, शेपटी हलवली आणि आबांकडे असं बघितलं की आता चेंडू टाका.

अंजनानं झडप घालून तिला उचललं. माती, रक्त, घुशीची घाण, सगळं ब्लाऊजला लागलं. लागू दे. ती मिरचीच्या डोक्यावर तोंड दाबून रडत होती आणि हसतही होती.

हरिचंद्र बॅटरी घेऊन बिळाशी वाकला होता. "हे बघ," तो म्हणाला. आत भोकाच्या वरच्या अंगाला उंबराची मुळी लोंबत होती, बोटाएवढी जाड, आकडीसारखी वळलेली. "गल्यान पट्टा असता तं इथं अडकली असती. मागं येवाला जमला नसता. फास लागून आतच मेली असती. बरा जाला, नव्हता तो."

अंजनानं आबांकडे बघितलं. आता म्हातारा बोलणार, तिला वाटलं. मी सांगत नव्हतो? आणि एरवी ते बोललेच असते, पुढची दहा वर्षं बोलत राहिले असते. पण आबा उठले, काठी सावरली आणि हळूच म्हणाले, "पण मी सोडली म्हणूनच आत गेली ना."

एवढंच. मग अंजनानं भावनाला व्हिडिओ कॉल लावला.

दुसऱ्या दिवशी मुकेशनं मिरचीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, कानाला दोन टाके पडले, इंजेक्शन झालं. इकडे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत अंजना जेवली नाही. तिनं कंबरपट्टीसाठी कापून उरलेल्या डेनिमच्या पट्ट्या घेतल्या, दुहेरी केल्या, आत जुन्या बॅगेचा मऊ पट्टा घातला. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्याला ताण येतो तिथं एक आखूड, दाट टाका मारतात, त्याला बारटॅक म्हणतात. तो मारण्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. तिनं चार ठिकाणी बारटॅक मारले.

घरी येऊन तिनं ते आबांसमोर ठेवलं.

"काय आहे हे?"

"पट्टा."

आबांनी मान फिरवली. कालच्या प्रकारानंतर ते नाही म्हणणार नव्हते, पण बघणारही नव्हते.

"गळ्याचा नाही, आबा. बघा तर."

तिनं मिरचीचे पुढचे दोन पाय त्यातून घातले, पट्टी छातीवरून तिरकी आली, बक्कल पाठीवर. मान मोकळी राहिली. मिरचीनं अंग झाडलं, गोल फिरली आणि चेंडू शोधायला लागली. आबांनी तिला जवळ घेतलं. आधी गळ्यावरून हात फिरवला, वरून, खालून. तिथं काहीच नव्हतं. मग त्यांचं बोट छातीवरच्या निळ्या पट्टीवर आलं आणि तिथंच थांबलं.

"असा पट्टा मी घातलाय," ते म्हणाले. "जयंतीच्या मिरवणुकीत स्वयंसेवक होतो, अंबरनाथला. असाच तिरका, छातीवरून. निळाच. तो घातला की कारखान्यातले मुकादमसुद्धा बाजूला होऊन वाट द्यायचे." त्यांनी हात पुढं केला. "छातीवरचं चालेल. आण ती दोरी इकडं."

त्या संध्याकाळपासून रोज आबा आणि मिरची कात्रपच्या रस्त्यानं निघायचे. मिरची चारी दिशांना ओढायची, आबा काठीवर भार देऊन तोल सांभाळायचे. दोरी मात्र हातातून एकदाही सुटली नाही. मोकळं सोडायचं ते गच्चीवर, दार लावून, आणि दार लागलंय का हे आबा दोनदा बघायचे.

रविवारी दुपारी भावना आली. मिरचीनं तिच्या अंगावर इतक्या उड्या मारल्या की तिला चप्पलही काढता येईना. भावनानं कानाचे टाके पाहिले. अंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वाट बघत होती, आता बोलेल, मग बोलेल. भावनानं मात्र छातीवरची पट्टी बोटांनी चाचपली, उलटून शिवण पाहिली. शिवणवालीची लेक ती.

"बारटॅक?"

"चार ठिकाणी," अंजना म्हणाली.

भावनानं मान हलवली. मग आबांपाशी जाऊन बसली आणि दोघं त्या घुशीबद्दल बोलत बसले. आबांच्या सांगण्यात घूस आता मिरचीच्या दुप्पट झाली होती.

संध्याकाळी निघताना अंजना दारात उभी राहिली. तोंडात सगळं तयार होतं. आता पुन्हा कधी, लवकर ये, इतकं लांब काय राहायचं, आपल्या घरात काय कमी आहे. तिनं पदर तोंडाशी धरला. "सावकाश जा," एवढंच म्हणाली.

भावना जिना उतरू लागली. मिरचीची नखं पायऱ्यांवर टकटक वाजत खाली जात होती. दुसरा मजला. पहिला मजला. मग टकटक थांबली.

"आई!" खालून आवाज आला. "माझी चादर राहिली बघ वर."

"आणून देऊ?"

"नको." मिरची दोरी ओढत असल्याचा आवाज आला. "राहू दे तिथंच. शनिवारी लागेल मला."

अंजना कठड्याला धरून उभी राहिली. "बरं," ती म्हणाली, आणि मोठ्या कष्टानं पुढं एक शब्दही बोलली नाही.